अपडेटनं बिघडवलेला गेम पुन्हा चालता कसा करायचा

काल रात्रीपर्यंत गेम व्यवस्थित चालत होता. आज 'प्ले' दाबलं की क्षणभर काळी स्क्रीन येते आणि परत डेस्कटॉप. मधल्या वेळात एक अपडेट येऊन गेलंय. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी अनइन्स्टॉलकडे जातो. तो तिथेच थांबवा. गेम काढून पुन्हा उतरवला तर स्टीम, म्हणजे गेम विकणारं आणि उतरवून देणारं ॲप, तुम्हाला तीच ताजी, बिघडलेली आवृत्ती देणार. जुन्या आवृत्तीतल्या ज्या फाइल्स अजून डिस्कवर शाबूत असतील त्याही जातील, आणि हॉस्टेलच्या वायफायवर किंवा मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर पन्नास-साठ जीबी फुकट जाईल ते वेगळंच. काही गेम आपली सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. तिथे तर अनइन्स्टॉल म्हणजे शंभर तासांचं पात्र गेलं.

हा लेख मुख्यतः विंडोज आणि स्टीमवर खेळणाऱ्यांसाठी आहे. मधोमध 'फॉलआउट ४' हा एकच गेम घेऊन जुनी आवृत्ती परत कशी आणायची ते तपशिलात सांगितलंय, कारण अपडेटनं गेम मोडण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण गेल्या काही वर्षांत सापडणार नाही. एक सूचना आधीच देतो. आज्ञा आणि फोल्डरची नावं इथे देवनागरीत आहेत, पण टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरा.

आधी सेव्ह वाचवा

कुठलाही उपाय करण्याआधी सेव्ह फाइल्सची प्रत काढून दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. गेम नव्या आवृत्तीत चुकूनमाकून एकदा उघडला आणि त्यानं आपोआप सेव्ह केलं, तर ते सेव्ह जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही.

सेव्ह कुठे असतात हे प्रत्येक गेमनं आपल्या मर्जीनं ठरवलेलं असतं. बेथेस्डा या कंपनीचे फॉलआउट, स्कायरिमसारखे गेम डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स' फोल्डरात ठेवतात. 'स्टारड्यू व्हॅली'चं सेव्ह हवं असेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, 'ॲपडेटा' हा शब्द दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून, जागा न सोडता टाइप करा आणि स्टारड्यू व्हॅलीच्या फोल्डरातलं 'सेव्ह्ज' उघडा. युनिटी इंजिनवरचे बरेच गेम ॲपडेटामधल्या 'लोकल-लो'मध्ये सापडतात, तर अनरिअल इंजिनवाले 'लोकल'मध्ये. नेमकी जागा माहीत नसेल तर पीसी गेमिंग विकीवर त्या गेमचं पान उघडा. तिथे सेव्हची जागा हमखास लिहिलेली असते. तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हनं आपल्या ताब्यात घेतलेलं असू शकतं, तेव्हा 'माय गेम्स' नेहमीच्या जागी दिसलं नाही तर वनड्राइव्हच्या आत बघा.

फॉलआउट ४ आणि स्कायरिमवाल्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळायची. मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली गेमची जोडकामं, वापरत असाल तर एकाच सेव्हच्या दोन फाइल्स असतात: एक गेमची, आणि त्याच नावाची दुसरी स्क्रिप्ट एक्स्टेंडरची, म्हणजे मॉडना गेममध्ये जास्त वाव देणाऱ्या जोड-प्रोग्रॅमची. नुसती पहिली कॉपी केलीत तर सेव्ह उघडेल, पण मॉडनी जपलेली माहिती गायब असेल. फोल्डरच अख्खा उचला.

नंतर स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट-क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'जनरल'मधलं स्टीम क्लाउड बंद करा. दुरुस्ती संपेपर्यंत ते बंदच बरं, नाहीतर तुम्ही इकडे जुनं सेव्ह परत ठेवता आणि क्लाउड तिकडून नवं आणून त्यावर बसवतो. क्लाउड आणि संगणक यांतलं कुठलं ठेवायचं असं विचारणारी खिडकी आलीच, तर घाईनं क्लिक करू नका. दोन्हींसमोरची तारीख-वेळ वाचा.

नक्की बदललं काय?

'अपडेटमुळे बिघडलं' हे बरोबर असतं, पण कुठल्या अपडेटमुळे? संशयित चार: गेम स्वतः, ग्राफिक्स ड्रायव्हर, विंडोज आणि मॉड. चौथ्याचा विचार लोक करतच नाहीत. स्टीम वर्कशॉपमधले मॉड मागच्या दारानं आपोआप अपडेट होतात. रिमवर्ल्ड किंवा सिटीज स्कायलाइन्स खेळणाऱ्यांना हे ठाऊक असेल. गेमला महिनाभर हातही लागलेला नसतो आणि तरी तो सकाळी उठून कोसळतो.

विंडोजमध्ये याच कामासाठी एक उत्तम साधन आहे आणि ते कुणी उघडत नाही. स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं दिसेल, ते उघडा. दिवसांचे उभे रकाने दिसतील. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली, आणि ज्या दिवशी काही बसवलं गेलं त्या दिवशी निळी खूण. तुमच्या गेमची पहिली लाल फुली शोधा आणि त्याच्या आदल्या किंवा त्याच दिवशीच्या निळ्या खुणेवर क्लिक करा. ड्रायव्हर बदलला की विंडोजचा पॅच आला, तिथेच कळतं. मग लाल फुलीवर दोनदा क्लिक करा. 'फॉल्ट मॉड्यूल नेम' अशी एक ओळ असेल. तिथलं नाव 'एनव्ही'नं सुरू होत असेल, उदाहरणार्थ एनव्हीडब्ल्यूजीएफ-टू-यूएमएक्स, तर तो एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा भाग आहे. 'एएमडी' किंवा 'एटीआय'नं सुरू होत असेल तर एएमडीचा. गेमच्याच ईएक्सईचं, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या मुख्य फाइलचं, नाव असेल तर दोष गेममध्ये किंवा मॉडमध्ये असण्याची शक्यता जास्त. कधीकधी एखाद्या मॉडची डीएलएल, म्हणजे कोड असलेली फाइल, स्वतःच्या नावानिशी तिथे सापडते, आणि मग पुढचं सगळं शोधकार्य वाचतं. ही ओळ पुरावा म्हणून अंतिम नाही. कोसळलं कुठे एवढंच ती सांगते, ढकललं कुणी ते सांगत नाही. तरी अंधारात चाचपडण्यापेक्षा बरं.

दुसरी सोपी तपासणी म्हणजे तितकाच जड दुसरा एखादा गेम चालवून बघा. तोही अडखळत असेल तर संशय ड्रायव्हर आणि विंडोजवर घ्या.

विंडोजचं उदाहरण हवंच असेल तर २०२४चं आहे. विंडोज ११चं '२४एच२' अपडेट आल्यावर युबीसॉफ्टचे असॅसिन्स क्रीड मालिकेतले वल्हाला, ओरिजिन्स, ओडिसी, शिवाय स्टार वॉर्स आउटलॉज आणि अवतारवरचा गेम गोठू लागले. मायक्रोसॉफ्टनं ते मान्य केलं आणि हे गेम असलेल्या संगणकांना ते अपडेट देणं काही काळ थांबवलं. ऑक्टोबर २०२५मध्ये केबी ५०६६८३५ या विंडोज पॅचनंतर काही गेमचा वेग उतरला, तेव्हा एनव्हिडियानं ५८१.९४ हा तातडीचा ड्रायव्हर काढला. अशा वेळी गेमच्या फाइल्स कितीही उलटसुलट केल्या तरी उपयोग शून्य.

स्वस्तातले उपाय

चूक गेमच्या बाजूची आहे असं वाटलं, तर आधी स्टीमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'इन्स्टॉल्ड फाइल्स' उघडा आणि गेमच्या फाइल्सची शहानिशा करणारं 'व्हेरिफाय' बटण दाबा. डाउनलोड अर्धवट झालं असेल, वीज गेली असेल, अँटिव्हायरसनं एखादी फाइल उचलून कोठडीत टाकली असेल, तर इथे काम होतं. मात्र 'व्हेरिफाय' काय करत नाही तेही लक्षात ठेवा. ते फक्त कंपनीच्या यादीतल्या फाइल्स तपासतं. तुम्ही फोल्डरात टाकलेल्या जादा फाइल्स, म्हणजे मॉडच्या डीएलएल, सुट्ट्या टेक्श्चर आणि स्क्रिप्ट, जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे 'व्हेरिफाय केलं, आता गेम अगदी कोरा आहे' हे म्हणणं खरं नसतं. कोरा हवा असेल तर जादा फाइल्स हातानं दुसरीकडे हलवाव्या लागतात.

मग सेटिंगच्या फाइल्स. जुन्या आवृत्तीच्या आयएनआय फाइल्स नव्या ईएक्सईला कधीकधी पचत नाहीत. त्या पुसू नका, नाव बदला. गेम पुढच्या वेळी नव्या बनवेल. चालला तर दोष तिथेच होता, आणि जुन्या फाइलमधले आवडते बदल एकेक करून परत आणता येतील.

शेडर कॅश, म्हणजे ग्राफिक्ससाठी आधीच तयार करून ठेवलेला कोड, हाही रिकामा करून पाहण्यासारखा असतो, विशेषतः गेम उघडतो पण दर चार पावलांवर अडकतो तेव्हा. विंडोजच्या 'डिस्क क्लीनअप'मध्ये डायरेक्टएक्स शेडर कॅशची चौकट असते, तिच्यावर खूण करून साफ करा. पुढची पहिली खेळी थोडी संथ होईल, ते नॉर्मल आहे.

ड्रायव्हरवर संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा, कार्डावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि मग 'ड्रायव्हर'मध्ये जा. 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबता येत असेल तर दाबा. ते बटण फिकट असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीचा ड्रायव्हर उतरवून घ्या, आणि बसवताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण करा. सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवण्याचा सल्ला जो तो देतो. तो चुकीचा नाही, पण पहिल्या फेरीत त्याची गरज क्वचित पडते.

विंडोजचा पॅच काढायचा तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये 'अपडेट हिस्टरी' आणि तिथे तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. सुरक्षेचे पॅच कायमचे काढून बसू नका. दुरुस्ती आली की परत घ्या.

मॉड: अर्धे-अर्धे करून शोधा

मॉडचा संशय असेल तर सगळे बंद करून गेम एकदा चालवा. चालला, तर आता दोषी शोधायचा. लोक एकेक मॉड चालू करत बसतात आणि दिवस घालवतात. त्याऐवजी अर्धे चालू करा. कोसळला तर दोषी या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. १२० मॉड असले तरी सात फेऱ्यांत उत्तर येतं. एकमेकांवर अवलंबून असलेले मॉड मात्र जोडीनंच हलवा, नाहीतर भलताच मॉड पकडला जाईल. आणि ही सगळी तपासणी नव्या, फेकून द्यायच्या सेव्हवर करा. खऱ्या सेव्हमध्ये मॉड काढ-घाल केली की सेव्हच कायमचं बिघडू शकतं.

मॉड सांभाळणारा 'मॉड ऑर्गनायझर २' हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची इथे चैन आहे. त्यात वेगळं प्रोफाइल काढता येतं, आणि प्रोफाइलनुसार सेव्ह वेगळी ठेवण्याची सोयही आहे.

फॉलआउट ४ : जुनी आवृत्ती परत आणणं

आता मुख्य गोष्ट. २०१५चा हा गेम पीसीवर २०१९च्या अखेरपासून १.१०.१६३ या आवृत्तीवर स्थिर होता. चार वर्षांहून जास्त काळ काहीच बदललं नाही, त्यामुळे मॉड बनवणाऱ्यांनी सगळा संसार त्याच आवृत्तीवर उभा केला. एप्रिल २०२४मध्ये फॉलआउटची टीव्ही मालिका आली, जुने खेळाडू परतले, नवे आले, आणि ऐन गर्दीत २५ एप्रिलला बेथेस्डानं 'नेक्स्ट-जेन' अपडेट सोडलं. आवृत्ती झाली १.१०.९८०. सकाळी गेम उघडला तर एफफोरएसई, म्हणजे फॉलआउट ४ स्क्रिप्ट एक्स्टेंडर, सांगतो की तुमचा गेम माझ्यापेक्षा नवा आहे, धीर धरा. त्याच्यावर उभे असलेले शेकडो मॉड आडवे. 'फॉलआउट लंडन' हा एका अख्ख्या गेमएवढा मॉड २३ एप्रिलला येणार होता, त्याच्या चमूला या अपडेटमुळे तारीख पुढे ढकलावी लागली. तो अखेर २५ जुलै २०२४ला आला, आणि तो बसवण्याआधी स्टीमवाल्यांना गेम जुन्या आवृत्तीवर न्यावा लागत होता. मे महिन्यात १.१०.९८४ आली. १० नोव्हेंबर २०२५ला दहाव्या वाढदिवसाची 'ॲनिव्हर्सरी एडिशन' आली आणि मॉडवाल्यांची पुन्हा तीच पळापळ झाली.

हे एवढं मोडतं का, ते कळलं की पुढची कृती समजायला सोपी जाते. स्क्रिप्ट एक्स्टेंडर गेमच्या ईएक्सईमध्ये शिरून ठरावीक पत्त्यांवर आपला कोड जोडतो. कंपनीनं ईएक्सई नव्यानं बनवली की ते पत्ते सरकतात. वाडा पाडून इमारत झाल्यावर जुन्या खोली क्रमांकावर पोस्टमन पत्र टाकत राहावा, तसं होतं. अपडेट आकारानं किरकोळ असलं तरी फरक पडत नाही. यात दुसरी भानगड अशी की २०२४च्या अपडेटनं बीए-टू या, गेमचा डेटा एकत्र बांधून ठेवणाऱ्या फाइल्सच्या आतला आवृत्ती क्रमांकही बदलला. जुनी ईएक्सई ती नवी फाइल बघून कोसळते. म्हणून नुसती ईएक्सई जुनी आणून भागत नाही, डेटाही जुना लागतो.

तुमच्याकडे आता कुठली आवृत्ती आहे ते आधी बघा. स्टीममध्ये गेमवर राइट-क्लिक, 'मॅनेज', 'ब्राउज लोकल फाइल्स'. फोल्डर उघडेल, त्यातल्या फॉलआउट४ ईएक्सईवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डिटेल्स'मध्ये क्रमांक वाचा.

मग ठरवा की मागे जायचंच आहे का. माझं मत असं: तुमचे मॉड मोजके असतील आणि त्यांचे नवे अवतार आले असतील तर नव्या आवृत्तीवर राहा, एफफोरएसई आणि ॲड्रेस लायब्ररी (मॉडना ते पत्ते शोधून देणारा मॉड) तेवढी नव्याशी जुळणारी घ्या. मॉडची यादी लांब असेल, अर्धे मॉड कुणी सांभाळतच नसेल, तर मागे जाणं शहाणपणाचं. अधांतरी राहणं, म्हणजे काही मॉड नव्याचे आणि काही जुन्याचे, हे सगळ्यात वाईट.

मागे जायचं ठरलं तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे नेक्सस मॉड्स या मॉडच्या संकेतस्थळावर मिळणारं एखादं डाउनग्रेडर. पण ते काय करतं हे माहीत असावं, आणि कधी ते चाललं नाही तर हातानंही करता यावं. हाताची पद्धत अशी आहे.

स्टीम चालू असताना विंडोज आणि आर दाबा आणि 'स्टीम', कोलन, दोन तिरप्या रेघा (फॉरवर्ड स्लॅश), 'ओपन', तशीच एक तिरपी रेघ, 'कन्सोल' असं सलग, जागा न सोडता टाइप करून एंटर द्या. स्टीममध्ये 'कन्सोल' नावाचं नवं पान उघडेल.

तिथे द्यायच्या आज्ञेचे चार भाग असतात, आणि त्यांच्यामध्ये एकेक मोकळी जागा. पहिला भाग 'डाउनलोड_डेपो', मधे अंडरस्कोर. डेपोच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी न उच्चारला जाणारा 'टी' आहे, तो विसरला की आज्ञा ओळखली जात नाही. दुसरा भाग गेमचा क्रमांक: ३७७१६०. तिसरा डेपोचा क्रमांक. स्टीम एक गेम अनेक डेपोंमध्ये विभागून ठेवतं, फॉलआउट ४चे मुख्य डेपो ३७७१६१ ते ३७७१६४ आहेत आणि ईएक्सई ३७७१६२मध्ये असते. चौथा भाग मॅनिफेस्टचा लांबलचक क्रमांक, म्हणजे त्या डेपोची कुठल्या तारखेची अवस्था हवी ते. हा क्रमांक स्टीमडीबी या संकेतस्थळावरून घ्या: गेम शोधा, 'डेपोज'मध्ये डेपोवर क्लिक करा, 'मॅनिफेस्ट्स'मध्ये तारखांची यादी येईल. २५ एप्रिल २०२४च्या लगेच आधीची नोंद तुमची. क्रमांक कॉपी-पेस्टच करा, बघून टाइप करायला जाऊ नका. डीएलसी, म्हणजे गेमचे वेगळे विकत मिळणारे भाग, घेतले असतील तर त्यांच्या डेपोंचीही तीच तारीख बघा. ज्या डेपोत त्या दिवशी बदल झालेला नाही तो उतरवायची गरज नाही.

एंटर दिल्यावर स्टीम एक ओळ दाखवतं आणि मग ढिम्म. टक्केवारी नाही, पट्टी नाही. इथे अनेक जण अडकलं समजून स्टीम बंद करतात. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा रकाना बघा, स्टीम डेटा ओढताना दिसेल. काम संपलं की कन्सोलमध्ये पूर्ण झाल्याची ओळ येते आणि फाइल्स कुठे ठेवल्या तो मार्गही त्यात असतो. साधारणपणे तो स्टीमॲप्समधल्या 'कंटेंट' फोल्डरात, गेमच्या क्रमांकाखाली सापडतो. एक डेपो संपला की दुसरा घ्या.

सगळं उतरलं की स्टीम पूर्ण बंद करा, खालच्या पट्टीतल्या छोट्या चिन्हावरूनही. डिस्कवर जागा असेल तर सध्याच्या गेम फोल्डरची अख्खी प्रत काढा. मग प्रत्येक डेपो फोल्डरच्या आतल्या फाइल्स गेमच्या फोल्डरात टाका आणि 'बदलू का' विचारल्यावर होकार द्या. डेपोचा फोल्डर टाकायचा नाही, त्याच्या आतलं टाकायचं. त्यानंतर 'डेटा' फोल्डरात क्रिएशन क्लबच्या (बेथेस्डाच्या स्वतःच्या जादा सामग्रीच्या), नव्या अपडेटनं आणलेल्या फाइल्स राहिल्या असतील. त्यांची नावं 'सीसी'नं सुरू होतात. २०२४ किंवा त्यानंतरच्या तारखेच्या असतील त्या बाहेर हलवा, जुन्या ईएक्सईला त्याच नडतात. त्या ठेवायच्याच असतील तर 'बॅकपोर्टेड आर्काइव्ह टू सपोर्ट सिस्टम' नावाचा मॉड आहे, तो जुन्या ईएक्सईला नव्या बीए-टू वाचायला शिकवतो.

आता ईएक्सईचा क्रमांक परत बघा. १.१०.१६३ दिसलं पाहिजे. या आवृत्तीशी जुळणारा एफफोरएसई ०.६.२३ आहे. त्याच्या फाइल्स गेम फोल्डरात टाका आणि यापुढे गेम स्टीमच्या 'प्ले'नं न उघडता एफफोरएसईच्या लोडरनंच उघडा.

गेम उघडला पण काही मॉड गप्प आहेत असं वाटलं तर 'माय गेम्स'मधल्या फॉलआउट ४च्या फोल्डरात 'एफफोरएसई' नावाचा फोल्डर आहे, त्यातली लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक डीएलएल मॉडसाठी एक ओळ असते आणि ओळीच्या शेवटी तो नीट लोड झाला की आवृत्ती न जुळल्यामुळे बंद केला गेला ते स्पष्ट लिहिलेलं असतं. अपडेटनंतर लोकांनी घाईघाईनं घेतलेले नव्या आवृत्तीचे मॉड इथे पकडले जातात.

आणि एक जुनं दुखणं, अपडेटशी त्याचा संबंध नाही पण दोष नेहमी त्याच्यावर जातो: आरटीएक्स कार्ड असेल आणि गोळीबार सुरू होताच गेम कोसळत असेल, तर ग्राफिक्समधलं 'वेपन डेब्री', म्हणजे गोळी लागून उडणाऱ्या तुकड्यांचं दृश्य, बंद करा.

कुलूप लावा

एवढं करून दुसऱ्या दिवशी स्टीमनं पुन्हा अपडेट केलं तर डोकं फिरेल. म्हणून स्टीमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अपडेट्स' उघडा आणि 'फक्त सुरू करताना अपडेट कर' या अर्थाचा पर्याय निवडा. लोडरनं गेम उघडत असल्यामुळे स्टीमला ती संधी मिळत नाही. पुढची पायरी म्हणून स्टीमॲप्स फोल्डरातली 'ॲपमॅनिफेस्ट_३७७१६०' ही एसीएफ फाइल शोधा आणि तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'वर खूण करा. याआधी त्या गेमचं एखादं अपडेट रांगेत थांबलेलं असेल तर स्टीम थोडी कुरकुर करेल.

यानंतर 'व्हेरिफाय' बटणाला हात लावू नका. ते तुमच्या सगळ्या जुन्या फाइल्स 'बिघडलेल्या' समजून नव्या आणून बसवेल. जास्त खात्रीची पद्धत हवी असेल तर जुनी आवृत्ती जमल्यावर अख्खा गेम फोल्डर स्टीमच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणी कॉपी करा आणि मॉड मॅनेजरला तीच जागा दाखवा. मोठ्या मॉड-याद्या बनवणारे हेच करतात.

ज्यांना एवढी खटपट करावी लागत नाही

काही कंपन्या जुनी आवृत्ती स्वतःहून ठेवतात. स्टीमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'बीटाज' हा शब्द असलेला कप्पा उघडून बघा. युरो ट्रक सिम्युलेटर २मध्ये जुन्या आवृत्त्या तिथे यादीत मिळतात, न जुळणाऱ्या मॉडसाठी असं कंपनीनंच लिहून. पॅराडॉक्सचे क्रुसेडर किंग्ज किंवा स्टेलारिससारखे गेम, फॅक्टोरिओ, यांचंही तसंच. मार्च २०२४मध्ये स्टारड्यू व्हॅलीची १.६ आली तेव्हा मॉडवाल्यांना हीच सोय उपयोगी पडली. यादीतून आवृत्ती निवडायची, स्टीम ती उतरवतं, संपलं. कन्सोलच्या वाटेला जाण्याआधी हा कप्पा बघायचाच.

जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानाच्या 'गॅलेक्सी' ॲपमध्ये गेमच्या सेटिंगमधून 'मॅनेज इन्स्टॉलेशन', मग 'कॉन्फिगर', आणि तिथे आपोआप अपडेट बंद करून बऱ्याच गेमची आधीची आवृत्ती निवडता येते. मॉडवर जीव असणाऱ्यांनी गेम शक्यतो तिथूनच घ्यावा असं मी म्हणेन. एक्सबॉक्स ॲपवरून किंवा गेम पासवर घेतलेल्या फॉलआउट ४ला मात्र ही कुठलीच सोय नाही, आणि एफफोरएसईही त्यावर चालत नाही.

ऑनलाइन गेमचं काय? तिथे मागे जाता येत नाही. सर्व्हर आवृत्ती तपासतो, फाइल्समध्ये ढवळाढवळ दिसली तर अँटि-चीट खातं बंद करू शकतो. कंपनीच्या पुढच्या पॅचची वाट बघणं एवढंच हातात असतं, आणि त्या पॅचलाही जपून असावं. डिसेंबर २००७मध्ये 'ईव्ह ऑनलाइन'च्या 'ट्रिनिटी' अपडेटनं स्वतःची 'बूट-आयएनआय' नावाची फाइल पुसता पुसता विंडोज एक्सपीची त्याच नावाची फाइल पुसली होती. कित्येकांचा गेम राहिला बाजूला, संगणकच सुरू होईना.

कंपनीला तक्रार कळवायची तर 'गेम चालत नाही' एवढंच लिहू नका. गेमची आवृत्ती, ड्रायव्हरचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, मॉडशिवाय कोसळतो का, आणि कुठल्या कृतीनंतर कोसळतो हे पाच मुद्दे द्या. रन खिडकीत 'डीएक्सडायग' चालवलं की संगणकाची सगळी माहिती एका मजकूर-फाइलमध्ये जतन करता येते, ती जोडा.

चालू झाल्यावर

गेम उघडला म्हणून लगेच मूळ सेव्हवर जाऊ नका. आधी नवा खेळ सुरू करून अर्धा तास फिरा. एखाद्या घरात आत-बाहेर करा, लढा, झपाट्यानं दूरच्या ठिकाणी जा, सेव्ह करून पुन्हा उघडा. सारखा कोसळणारा गेम बहुतेकदा जागा बदलताना किंवा सेव्ह उघडतानाच कोसळतो. हे पार पडलं की अपडेटच्या आधीचं सेव्ह त्याच्या जोडीच्या फाइलसकट परत ठेवा, उघडा आणि नव्या नावानं सेव्ह करा. स्टीम क्लाउड त्यानंतर चालू करा. पेनड्राइव्हवरची प्रत आणि गेम फोल्डरची जुनी कॉपी आठवडाभर तशीच राहू द्या, जागा लागलीच तर मग पुसा.